चिंचोक्यांचं गाव

"सोताचा तोटा कोण करून घेते, बाप्पा?" असं म्हणत तो टेबलावर चिंचोके ओतायचा. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात मास्तरांचा चहा मग निवून जायचा.

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. शिकवायचा गणित, पण डोक्यात सदा गाव. एक चिंचोका म्हणजे एक घर. पाणी अडवलं की त्या घराचा तोटा, वाटून घेतलं की फायदा. डाव टाकता टाकता शेवटी सगळे चिंचोके विहिरीभोवती, म्हणजे माझ्याच बशीभोवती, गोळा व्हायचे.

"मुंबईले हिशेब करणारं यंत्र आलं म्हणतात. मले द्या, अख्खा जिल्हा खेळवून दाखवतो!"

"आधी माझी बशी दे," मी म्हणायचो.

त्याचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. गोड्या पाण्याची विहीर एकच. धर्मांतराला काही वर्षं झाली होती, तरी बौद्ध वस्तीला तिच्यावर येऊ देत नसत. त्या उन्हाळ्यात यानं चावडीवर चिंचोके मांडून गावाला पाळ्या पटवल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्तीची पहिली पाळी पाहायला मलाही घेऊन गेला.

कोणी अडवलं नाही. बायांनी ताठ मानेनं घागरी भरल्या. "आमी उद्याही येतो, गुरुजी," एकजण म्हणाली. हा लहान पोरासारखा खूश.

मग गावाची पाळी आली आणि विहिरीवर चिटपाखरू फिरकलं नाही. ऊन चढल्यावर आम्ही घरी आलो. त्याची आई खाऱ्या विहिरीचं पाणी गाळत होती.

"आई, हे काहून?"

"ते पाणी बाटलं. मले नाही पायजे."

"अवं, हे पिऊन बिमार पडशीन!"

"पडीन."

आणि मला मात्र हीच बाई आग्रह करकरून भाकर वाढत होती. वरण खारट लागत होतं. मला तिचा भयंकर राग आला, आजही येतो.

पुढे ती खरंच अंथरुणाला खिळली. शेवटचं पाणी तोंडात घालायला त्यानं त्याच विहिरीचं आणलं. आईनं दात घट्ट मिटून घेतले. पाणी गालावरून उशीत गेलं.

अकोल्याला परतल्यावर त्यानं चिंचोक्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "याइले दात नसतात रे," एवढंच बोलला. त्यानंतर त्याचं ते तोट्याचं पालुपद कोणी ऐकलं नाही.

आता तोही नाही. कधीतरी मी ते चिंचोके काढतो, त्यानं शिकवलेला डाव मांडतो. वाटतं, आज तरी एखादा मागे राहील.

सगळे येतात. एकूण एक, मुकाट्यानं, बशीभोवती.