इंग्रजीत ओरड, सासूले समजत नाई

माझी कुसुमआत्या शिव्या द्यायची. फक्त इंग्रजीत.
काल पहाटे ती गेली. चिमूरच्या घरी, झोपेतच.

भामरागडकडे नर्स होती, अख्खी नोकरी तिथंच काढली.
'ब्लडी हेल', 'डॅम इट' हे सगळं नर्सिंग होस्टेलच्या म्हाताऱ्या मॅट्रनकडून उचललेलं. मराठीत मात्र साधं 'मेल्या'सुद्धा नाही.
"आपल्या भाषेतली शिवी लागते वं कोणाले तरी," म्हणायची.

मी सातवीत असताना पावसाळ्यात तिच्याकडे राहिले होते. रस्ते बंद. एका बाळंतपणाला आम्ही डोंग्यातून नदी ओलांडून गेलो.
पाणी आभाळाच्या रंगाचं. धुक्यात पलीकडचा काठच नाही. आपण नदीत आहोत की ढगात, काही कळेना.
ती नदी अजून माझ्या झोपेत येते. आत्या पुढं बसलेली, मांडीवर औषधांची पेटी.

पोरगी पहिलटकरीण. मला दाराबाहेर तिच्या सासूजवळ बसवलं. आतून आवाजच येईना, फक्त आत्याचा.

"ओरड ना वं! काऊन गप आहे?"
"सासू बाहेर हाये, बाई. लाज वाटते."
"मंग इंग्रजीत ओरड. तिले का समजते? म्हण, ब्लडी हेल!"

आधी आतून हसू आलं. मग अशी आरोळी आली की छपरावरच्या कोंबड्या उडाल्या.

मुलगी झाली.
सासूनं बसल्या जागी हात जोडले. बिचारीला वाटलं, मंतर आहे.

आणि मी काय केलं?
माझं लग्न ठरलं तेव्हा तिला म्हटलं, "आत्या, सासरचे शिकलेले आहेत. त्यांच्यासमोर तुझं ते इंग्रजी नको हं."
"बरं बाई."
लग्नात दोन दिवस ती गप्प होती. नव्या पातळावर कोणीतरी गरम वरण सांडलं, तरी नुसती माझ्याकडे बघून हसली.

सॉरी म्हणायचं राहिलं. अकरा वर्षं राहिलं. दर फोनला ओठांवर यायचं आणि मी म्हणायचे, "तब्येत सांभाळ."

आज सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भामरागडकडून एक बाई आली होती, सोबत तरणी लेक, पोटुशी.
"हे तीच पोरगी, त्या पावसाळ्यातली, सिस्टरच्या हातची. आता हिले सातवा लागला," ती म्हणाली.
तिनं लेकीचा हात आत्याच्या पायांवर ठेवला, डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यावं तसं हळूच पुटपुटली, "ब्लडी हेल."
मागोमाग लेकही म्हणाली.

माझ्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी चांगलं समजतं.

मी खाली बसले, आत्याचे पाय धरले आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी ओरडले,
"डॅम इट, आत्या! डॅम इट!"

मग रडू आलं. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला.

उशीर झाला गं. माफ कर.
जय भीम, आत्या. सावकाश जा, नदीवर धुकं असेल.