दोनच झटके

माझा नवरा आयनर एकतीस वर्षं लेमविगमध्ये पाव भाजतोय, आणि त्यातली निदान आठ वर्षं पिठानंच त्याचा श्वास कोंडतोय. आमच्या इथे, डेन्मार्कच्या पश्चिम जटलंडात, पाय मोडलेल्या माणसाला विचारलं तरी तो ‘बरं चाललंय’ म्हणतो. आयनर तर त्यातला अर्क.

गेल्या वर्षी इस्पितळात डॉक्टर स्कोवबाईंनी विचारलं, वर्षात दम्याचे मोठे झटके किती आले? हा म्हणाला, दोन. मी सोबत नव्हते. झटका आला की हा घरातल्याच स्टिरॉइडच्या गोळ्या गिळायचा आणि कुणाला कळवायचा नाही. खरं सांगितलं तर बेकरी सोडायला लावतील, ही धास्ती.

दोन झटक्यांवरही इंजेक्शन सुरू झालं. बाईंनी समजावलं, की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्यातला एक, इंटरल्यूकिन-५, विशिष्ट पांढऱ्या पेशी वाढवून फुप्फुसात गोळा करतो आणि तिथं सूज येते. इंजेक्शन तो निरोपच वाटेत अडवतं.

“म्हणजे गावातल्या चोमड्याचं तोंड बंद करायचं,” आयनर म्हणाला.

आणि गुण आला हो. वर्षभरात दोनच झटके, तेही सर्दीत. पोतं खांद्यावर घेऊन जिना चढायला लागला मेला.

मार्चमध्ये वर्षाची तपासणी होती. मी मुद्दाम सोबत गेले. बाई कागद बघत राहिल्या.

“आधी दोन, आता दोन. झटके निम्म्यावर आले तरच औषध चालू ठेवता येतं. म्हणजे उपयोग झाला नाही, आयनर. थांबवावं लागेल.”

मी खुर्ची पुढे ओढली.

“आधी दोन नव्हते,” मी म्हणाले. “बारा तरी होते. मी मोजलेत.”

बाईंनी आयनरकडे पाहिलं. “खरं का?”

तो टेबलाकडे बघत होता. “बोडिलला काळजी फार. राईचा पर्वत करते.”

“आमच्या नोंदीतही दोनच आहेत,” बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरून वाईट वाटलेलं दिसत होतं. मी कोट घातला, त्यांचे आभार मानले. आभार कसले मानले, देव जाणे.

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“बारा नव्हते,” तो म्हणाला. “सतरा.”

“मग चल परत. आत्ता सांग.”

“काय सांगू? वर्षभर तोंडावर खोटं बोललो म्हणून?”

मी दार उघडलं नाही. त्याला ओढत नेलं नाही. एकटीही गेले नाही. त्याला खोटारडा ठरवायची लाज मलाही वाटली, हेच खरं. त्यानं गाडी सुरू केली आणि आम्ही घरी आलो.