सतरा अन् बारा

मुलाच्या शाळेत पालकसभेला गेले होते. वर्गाला नुकताच ऑइलपेंट दिलेला. तो उग्र वास नाकात शिरला आणि मी भवानी पेठेतल्या आमच्या तिसरीच्या वर्गात जाऊन पोचले. तिथल्या भिंतीही त्या दिवशी अशाच ओल्या होत्या, टेकलं की फ्रॉकला रंग लागायचा.

गणिताच्या सरांनी मला उभं करून विचारलं, "सतरा अन् बारा किती?"

आमच्या घरात कापड विणायचे माग होते आणि बोलणं तेलुगू. मी बोटांवर तेलुगूतच मोजू लागले.

"काय गं, काय पुटपुटायलीस? मंत्र मारायलीस काय?"

"मोजायलेय, सर."

"मग मराठीत मोज की! तुमचा माग हाय काय हितं?"

सगळा वर्ग खदखदून हसला. "इरवै तोम्मिदि," मी म्हणाले. म्हणजे एकोणतीस. उत्तर बरोबर होतं, पण मराठी शब्द काही केल्या आठवेना. सरांनी तास संपेपर्यंत मला तसंच उभं ठेवलं. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. "बघा, आता कशी गप बसती," असं सर इतरांना कौतुकानं सांगायचे.

तेव्हा वाटायचं, आपणच ढ. आता कळतं, त्यांना गणित शिकवायचंच नव्हतं, वर्ग गप्प हवा होता. आजही मी प्रत्येक बेरीज दोनदा तपासते आणि मोजते तेलुगूतच. बहीण म्हणते, "सर वारले, आता तरी सोडून दे."

मी सोडणार नाही. मला उत्तर येत होतं.