टोमासीकाकांच्या फोटोवरचा हार

हे कोणालाही सांगायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. इथल्या मराठी मंडळातल्या काकूंना तर अजिबातच नाही! पण तुम्ही काही मंडळातले नाही, आणि माझ्या पोटात हे मावत नाही. तर ऐका. मी एका धडधाकट माणसाला त्याच्या आईसमोर मारून टाकलं.

घाबरू नका. नुसत्या तोंडानं!

आता, मला तोंड आहे हेच वर्गात फारसं कोणाला ठाऊक नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले, तरी मी बाटली ठेवते, कार्ड टेकवते आणि पळते. अशा मुलीला इतिहासाच्या सरांनी विषय काय द्यावा? अमेरिकेनं समुद्रापलीकडे हातपाय कसे पसरले! हवाई, फिलिपिन्स, गुआम, सामोआचा पूर्वेकडचा भाग, थोड्याच वर्षांत सगळं घशात. (सामोआचा पश्चिमेकडचा भाग पुढे आमच्या न्यूझीलंडनं घेतला, तेव्हा आपण फार नाक मुरडू नये.) सर म्हणाले, "नुसतं पुस्तकातलं नको. ज्यांच्या घरात हे घडलं, त्यांच्याशी बोल."

बोल! मला!

माझी एकुलती एक मैत्रीण म्हणजे सिना. तिच्या आजी पूर्वेकडच्या त्या बेटांवर, अमेरिकेच्या झेंड्याखाली वाढल्या. आता इथेच ओटाहुहुला, स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर राहतात. शनिवारी मी निघाले, तशी आईही निघाली. "मोठ्या माणसांकडे रिकाम्या हातानं जाऊ नये," म्हणून सोबत बेसनाचे लाडू.

दारात जँडल्स (इथे रबरी चपलांना हेच म्हणतात) काढल्या. आजींनी प्रेमानं बसवलं. सिना म्हणाली, "बसा हं, मी पाव घेऊन येते." आणि गेली. इथेच घात झाला.

समोरची भिंत फोटोंनी भरलेली. मधोमध एक तरुण, अमेरिकी लष्कराच्या गणवेशात, हसरा. आणि फोटोला हार! पांढऱ्या शिंपल्यांचा, चांगला ठसठशीत.

आता तुम्हीच सांगा, फोटोला हार दिसला की आपल्या घरी काय समजतात?

मी आईला कोपरानं ढोसलं. "आई, हार."

"अगं बाई! केवढं कोवळं पोर," आई कुजबुजली. "तू काही विचारू नकोस हं."

मला गप्प बसवलं आणि स्वतः आजींचा हात हातात घेतला. "तुमच्या मुलाचं फार वाईट वाटलं हो."

आजी गोंधळल्या. "टोमासीचं? का?"

मला वाटलं, वय झालंय, विसरत असतील. आमची पणजी नाही का, गेलेल्या पणजोबांची जेवायला वाट बघायची! माझ्या मनात माया दाटून आली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी आपणहून बोलले. अगदी हळू, स्पष्ट, लहान मुलाला सांगावं तसं.

"आजी, टोमासीकाका आता या जगात नाहीत."

आजींचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला कोणी सांगितलं? लष्कराची माणसं शाळेत आली होती?"

"नाही, म्हणजे..."

"सिनाला माहीत आहे? म्हणून ती बाहेर गेली?"

"रडा, मोकळ्या व्हा," म्हणत आईनं त्यांच्या हातात लाडू ठेवला!

तेवढ्यात पावाची पिशवी घेऊन सिना आली. आजींनी रडत तिला सामोअनमध्ये काहीतरी विचारलं. सिना माझ्याकडे वळली.

"सई! काय बोललीस तू?"

"अगं, फोटोला हार आहे ना!"

"मग? माझ्यापण फोटोला आहे!"

खरंच होता. कोपऱ्यात, तिच्या नेटबॉलच्या फोटोला, चॉकलेटांचा. आधी तो दिसला असता तर मी तिच्याही आत्म्याला शांती मागितली असती.

सिनानं काकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. त्यांना लवकरच कुठेतरी पाठवणार होते, कुठे ते घरच्यांनाही सांगायची मनाई. त्यामुळे सिनानं तिसऱ्यांदा लावला. आई घाबरून स्वतःच आणलेले लाडू खात होती.

मग आजी आपणहून बोलू लागल्या. "आमच्याकडच्या पोरांना वाटा दोनच. माशांचा कारखाना, नाहीतर त्यांचं लष्कर. त्यांचा राष्ट्राध्यक्ष निवडायला आम्हांला मत नाही. त्याच्यासाठी मरायला मात्र आम्ही चालतो."

हेच तर ऐकायला मी आले होते. रेकॉर्डिंग सुरू करायला माझा हात उचलला गेला नाही.

अखेर फोन वाजला. पडद्यावर टोमासीकाका, गालांना दाढीचा साबण! आजी बघतच राहिल्या. बोटानं पडदा पुसला, पुन्हा बघितलं. मग त्यांना अशा काही फैलावर घेतलं की साबण गालावरच वाळला.

फोन माझ्याकडे आला. "मला मारलंस ती तूच का?"

मी मान डोलावली.

"मग मार्क तरी चांगले मिळव. फुकट मरणं परवडत नाही मला. सध्या गुआमला आहे. तेही त्यांनी घेतलेलंच बेट, लिहून घे. पुढचं सांगता येत नाही."

सगळे हसले. आजी आईला म्हणाल्या, "ज्याचा अभिमान वाटतो त्याला आम्ही हार घालतो. तुम्ही काय, माणूस मरेपर्यंत थांबता?"

आईनं लाडवांचा रिकामा डबा उचलला आणि उठली.

जँडल्स घालताना मी मागे वळून पाहिलं. आजी स्टुलावर चढून तो शिंपल्यांचा हार उतरवत होत्या. तेवढा एकच. मला बघून म्हणाल्या, "तू म्हणालीस ना, तेव्हापासून मला तो तसाच दिसतोय गं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मार्क उत्तम मिळाले. सरांनी वर्गात वाचूनही दाखवलं, दुसऱ्यांच्या घरात शिरून सगळं आपल्या नजरेनं बदलून टाकणाऱ्यांबद्दल मी किती समजून लिहिलंय म्हणून!

काल पुन्हा गेले. टोमासीकाका गुआमहून निघालेत, कुठे ते अजून कळलेलं नाही. आजींनी दार उघडलं आणि हसल्या. "ये. आज कोणाला मारायला आलीस?" मीही हसले. पण बोलता बोलता त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला, आणि पडदा बघून झाल्यावरच त्यांनी मला आत घेतलं. मी घरून वाक्य पाठ करून नेलं होतं. म्हणणार होते, आजी, आमच्यातली ती समजूत विसरा आणि तो हार पुन्हा...

"सई! अगं, सिनाचा फोन आहे, काकांचं काहीतरी म्हणतेय, पटकन ये!"

आले, आई! तर मी आजींना एवढंच म्हणणार होते, की