कमरेइतकी खिडकी
मुलींच्या सुधारगृहाचा नकाशा काढणाऱ्या बाईंना सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत. नमुन्याची पहिली खोली बांधून झाली, तेव्हा त्या स्वतःच आत बसल्या आणि बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला आला. खिडकी इतकी उंच, की मान दुखेपर्यंत बघावं तर हातभर आभाळ. बाहेर येताच त्यांनी खिडकी कमरेपर्यंत खाली आणली आणि गजांऐवजी जाड काच बसवली.

“मुली पळाल्या तर माझी नोकरी गेली म्हणून समजा,” अधीक्षक कुरकुरले.

बाईंनी त्यांच्या हातात हातोडा दिला. “मारून बघा.”

अधीक्षकांना घाम फुटला, काच काही फुटली नाही. महिन्याभराने तेच हळूच म्हणाले, “बाई, माझ्या ऑफिसलाही अशीच एक बसवाल का?”