खांडीत लावलेलं दार

लग्नाआधी मी ऐरोलीला राहत होते, नव्याने उठलेल्या एका सोसायटीत. वडील साताऱ्याकडचे, मुंबईत नोकरी आणि खाडीपलीकडे परवडला म्हणून घेतलेला फ्लॅट. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी टायपिंग करायचे आणि तिथेच मशीनवर असलेल्या एका शांत माणसाशी मी लग्न केलं. गाव विचारलं की तो घणसोली सांगायचा. ते काही पूर्ण खरं नव्हतं. घणसोली गावाच्या मागून खाडीच्या दिशेने निघायचं, मातीच्या बांधावरून बराच वेळ चालायचं, मग चिंचेच्या दोन झाडांखाली चार-सहा घरं दिसायची. तो आमचा पाडा.

एका अंगाला तिवरांचं दाट रान आणि त्यामागे खाडी. दुसऱ्या अंगाला खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतली, भातशेती. दोन्हींच्या मध्ये तो बांध. पाड्यावर जायचा रस्ताही तोच आणि खारं पाणी अडवणारी भिंतही तीच. मोठ्या उधाणाला वाट पाण्याखाली जायची, मग कुणी येत नसे की जात नसे. संध्याकाळी ओट्यावरून ऐरोलीचे दिवे दिसायचे. आमच्या पाड्यावरही वीज आलेली होती, पण ती पाहुण्यासारखी यायची.

सासरे आधीच वारलेले. घर, शेत आणि मुलगा सासूबाईंनी एकटीने सांभाळलेला. अंगाने बारीक, उंचीला माझ्या खांद्याशी, गुडघ्याच्या वर घट्ट कासलेलं लुगडं. ओहोटीला त्या चिखलात उतरायच्या आणि बोलता बोलता निवट्या, ते चिखलातले निसरडे मासे, पकडून टोपलीत टाकायच्या. मी पहिल्यांदा उतरले ती मांडीपर्यंत रुतले आणि रडायला लागले. त्या ओरडल्या नाहीत. जवळ आल्या, माझ्या काखेत हात घातला.

"वर नको उचलू पाय. आदी टाच सोरव, मंग मागं खेच. चिखलाशी भांडायचा नाय, बाय."

नोकरी मी सोडली नव्हती, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मागे मागे फिरायचे. तिवराच्या मुळांत हात घालून चिंबोरी कशी काढायची, बांधातलं पाण्याचं दार कधी उघडायचं, आभाळ न बघता नुसत्या वाऱ्यावरून भरती किती चढणार हे कसं सांगायचं, हे सगळं त्या स्वतःशी बोलल्यासारख्या सांगत. मला त्यातलं निम्मं जमलं नाही. पण त्यांना बघत राहावंसं वाटे. इतक्या कमी सामानावर इतकं निवांत जगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी भात छान आलं होतं. गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते, लोंब्या भरू लागल्या होत्या. अमावास्येचं उधाण होतं आणि सकाळपासून वारा खाडीवरून आत येत होता. माझी सुट्टी होती. पाड्यावरचे सगळे पुरुष पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेले. मी मागच्या पडवीत भांडी घासत होते, तेवढ्यात शेजारची जाऊ सासूबाईंना हाका मारत बांधावरून धावत आली. नात्याने ती चुलत जाऊ, पण घरातल्यासारखीच.

"काकी, खांड परली! पानी शिरलाय आत!"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. चिंबोऱ्यांनी बांध आतून पोखरला होता आणि चढत्या भरतीने तिथे वाट काढली होती. आम्ही पोचलो तेव्हा हात पसरावा एवढी फट होती आणि तिच्यातून गढूळ पाणी घुसत होतं. कडेची माती ढेकळाढेकळाने सुटत होती. खालच्या अंगाची दोन शेतं डोळ्यांदेखत पाण्याखाली जात होती. भरती पुरी व्हायला अजून अवकाश होता. तोवर सगळं खाजण खारं झालं असतं आणि मग पुढची काही वर्षं तिथे काही उगवलं नसतं.

बायका जमल्या. कुणी पेंढ्याचे भारे टाकले, कुणी गोणीत चिखल भरून टाकला. टाकलं की वाहून जायचं. फट रुंद होत चालली. एक म्हातारी बांधावर बसून कपाळाला हात लावून रडायला लागली. बुडालेल्या शेतांतलं एक तिचं होतं.

सासूबाईंनी फटीची रुंदी नजरेने मापली. मग माझ्याकडे वळल्या.

"घरचा दार काढ."

"काय?"

"पुढचा दार. बिजागऱ्यांतून वर उचल, निघतंय. जा दोगी!"

मी आणि जाऊ धावलो. ते जुनं सागवानी दार, एका फळीचं, माझ्याने कधी नीट ढकललं जात नसे. त्या दिवशी आम्ही ते कसं उचललं आणि त्या निसरड्या बांधावरून कसं नेलं, मला आज सांगता येणार नाही. खांदा सोलवटला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सासूबाई खाडीच्या अंगाने कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या होत्या. दार त्यांनी आडवं धरलं, पाण्याबरोबर सरकू दिलं आणि फटीच्या तोंडाशी आल्यावर अंग टाकून दाबलं. पाण्याने स्वतःच ते बांधाला चिकटवलं. आवाज एकदम बदलला. घों घों थांबलं आणि फळीच्या कडेने नुसतं पिळपिळ पाणी येऊ लागलं. पण दोन्हीकडची माती ओली, कधीही खचेल अशी. त्या वर चढल्या, आतल्या बाजूने खांडीत उतरल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ये गं सूनबाय. पाठ लाव."

मी शेजारी उभी राहिले, पलीकडे जाऊ. पाय चिखलात रोवलेले, पाठीला सगळी खाडी. दार थरथरत होतं, ते हाडांत कळत होतं. वरून पाण्याचा सपकारा मानेवर यायचा. बाकीच्या बायका आमच्या पायांशी गोण्या रचत होत्या, तिवराच्या फांद्या ठोकत होत्या. मला भीती वाटत होती. दार सुटलं तर आम्ही तिघी त्याखाली जाणार.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नाकावरून चिखलाचं पाणी गळत होतं.

"बाय, कालच्या कालवनात मीठ जास्त झालेला."

मला आधी समजलंच नाही.

"तुम्ही काल बोलला नाहीत, आई."

"काल कसा बोलू? पोऱ्या समोर व्हता. तुला वाईट वाटला असता."

जाऊ फसकन हसली. मग मीही. पाठ तशीच दाराला लावून आम्ही हसत होतो आणि गोण्या रचणाऱ्या बायका विचारत होत्या, "काय झाला, काय झाला?" ती रडणारी म्हातारीसुद्धा उठली आणि पदर खोचून चिखल भरायला लागली.

किती वेळ उभ्या होतो माहीत नाही. हळूहळू पाठीवरचा भार हलका झाला. सासूबाई म्हणाल्या, "फिरला पानी." म्हणजे ओहोटी लागली. त्या तिथेच, गोण्यांवर बसल्या आणि आपले दोन्ही गुडघे चोळत राहिल्या.

पाळी सुटून पुरुष आले ते कपडे न बदलता फावडी घेऊन उतरले. रात्रीच्या भरतीआधी खांड भरायची होती आणि ती भरली. माझ्या नवऱ्याने घराला दार नाही हे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रात्री जेवायला त्याने स्वतः ताटं घेतली. दार नंतर आम्ही काढून आणलं, वाळवलं, बसवलं. पण ते पाण्याने फुगलेलं, पुन्हा कधी धड लागलं नाही. चोरी कोण करणार होतं तिथे?

खालची दोन शेतं मात्र गेली. लोंब्या उभ्या जागी पांढऱ्या पडल्या, पोचट. बाकीच्यांचं भात कापलं, झोडलं, घरी आलं. एक दिवस सासूबाई अंगणात भात मोठ्या दुरडीत भरू लागल्या. नवरा म्हणाला, "आये, आपल्यालाच पुरायला नको?"

"त्यांची शेतं खालती, म्हनून पानी आदी त्यांच्यात गेला. आपली वर व्हती म्हनून वाचली. यात आपला काय कवतिक हाय?"

पाड्यावरच्या सगळ्या घरांतून त्या दोन घरांना भात गेलं. कुणी बैठक बोलावली नव्हती, कुणी ठरवलं नव्हतं. आमची दुरडी मी डोक्यावर घेतली आणि सासूबाईंच्या मागून त्या म्हातारीच्या घरी गेले. ती एकटी राहायची आणि ताठ होती.

"मना नको कुनाचा," ती म्हणाली.

"नको त नको. अंगनात वतून जाताव, कोंबऱ्या खातील."

"तू भांडायला आलीस का भात द्यायला?"

"दोनी."

म्हातारीने माझ्या डोक्यावरची दुरडी स्वतः उतरवून आत नेली आणि आतूनच ओरडली, "बसा, च्या ठेवतंय." दूध नव्हतं. आम्ही तिच्या ओट्यावर बसून गुळाचा काळा चहा प्यालो, आणि त्या दोघी कुणाच्या तरी जुन्या लग्नातल्या भांडणावर बोलत बसल्या, ऊन उतरेपर्यंत.