मामांनी न काढलेला ओढा

आमच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि असलाच, तर तो भीतीपोटी घराबाहेर पडत नसल्यामुळे त्याची आपली गाठ पडायची नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जन्मभर त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली आणि आता बारामतीत निवांतपणे घाबरत असतात. एसटीत चढले की संकटकालीन दरवाजाशेजारची जागा धरतात आणि गाडी सुटायच्या आधी त्याची खिट्टी एकदा वर-खाली करून बघतात. भिगवणला एकदा ते दार सताड उघडलं आणि चिडलेल्या कंडक्टरने मामांना त्याच दारातून खाली उतरवलं. लग्नाला गेले तर मांडवात आधी आचाऱ्याच्या शेगड्या कुठे पेटल्यात ते पाहतात, मग बाहेर पडायची वाट पावलांनी मोजतात. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे. एकदा आमच्याच घरातल्या लग्नात ते नवरदेवाच्या पुढून पावलं मोजत असे काही गंभीरपणे गेले, की बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

पण या सगळ्या भीतींमधली थोरली भीती म्हणजे पाणी. विहीर, कालवा, उजनी धरणाचा फुगवटा या लोकांच्या भीतीच्या जागा झाल्या; मामांना तांब्याभर पाणीसुद्धा पुरतं. कुणाच्याही नव्या घरात गेले की ते आधी तांब्या मागतात. यजमानांना वाटतं पाहुण्यांना तहान लागली. मामा तो तांब्या दिवाणखान्याच्या मधोमध फरशीवर ओततात आणि उकिडवे बसून पाणी कुणीकडे जातं ते बघत राहतात. माझ्या घराच्या वास्तुशांतीला, भटजी होमात तूप सोडत असताना, त्यांनी हाच प्रकार केला. पाणी संथपणे निघालं ते थेट भटजींच्या आसनाखाली. भटजी मंत्र म्हणता म्हणता उठून उभे राहिले. मी रागाने लाल झालो होतो, पण मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जावईबापू, घर मालकाच्या मनानं बांधत्यात लोकं," ते हळूच म्हणाले. "पाण्याला कुनी इचारीतच न्हाय."

त्यांची आणखी एक खोड होती, आणि ती मात्र हसण्यासारखी नव्हती. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याच्या पुढे वस्तीवर राहतात. मामा भाऊबीजेला न चुकता जायचे, ओवाळून घ्यायचे, चहा घ्यायचे, पण बहिणीच्या घरी कधी जेवायचे नाहीत. "पोट बरं न्हाय" हे ठरलेलं उत्तर. बांधावर आंब्याच्या झाडाखाली बसून घरून आणलेली भाकरी खायचे. सासूबाई दारातून बघायच्या आणि आत जायच्या. भावाला बहिणीच्या हातचं अन्न गोड लागत नाही, हे आमच्या घरात एक न उलगडलेलं दुखणं होऊन बसलं होतं.

गेल्या वर्षी त्या वस्तीच्या वरच्या अंगाला मोठी वसाहत होणार अशी बातमी आली. बंगले, दुकानं, शाळा, बाग, असं सगळं मिळून तीन-चारशे एकरांचं काम. पूर्वी कुणी दोन एकर घ्यायचा, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडायचा आणि मुरूम टाकला की त्याला रस्ता म्हणायचा. आता तसं चालत नाही. एवढी मोठी वसाहत करायची तर आधी सगळ्याचा मिळून एक आराखडा करावा लागतो. रस्ते कुठून जाणार, प्यायचं पाणी कुठून येणार, सांडपाणी आणि पावसाचं पाणी कुठे जाणार, शाळा आणि मोकळी जागा कुठे, हे सगळं एका नकाशावर दाखवायचं, तो लोकांपुढे टांगायचा, हरकती ऐकायच्या आणि मगच पहिला खड्डा खणायचा. मला हे ऐकून बरं वाटलं. मामा मात्र धास्तावले.

"नियम चांगला हाय, त्याचीच भीती वाटती," ते म्हणाले. "आदी चूक झाली तर गुंठ्या-दोन गुंठ्याची व्हायची. आता झाली तर चारशे एकराची हुईल, आन वर शिक्का बसंल."

नकाशा ग्रामपंचायतीत लागला त्या दिवशी मी मामांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. वाटेत त्यांनी माझा शर्ट दोन ठिकाणी उसवला. भिंतीवर तो रंगीबेरंगी कागद बघायला गाव लोटलं होतं. पिवळी घरं, हिरवी बाग, तांबडी दुकानं. जो तो त्यात आपलं शेत शोधत होता. मामांनी चष्मा पुसला, कागदावर बोट ठेवलं आणि वरून खाली आणायला सुरुवात केली. बोट एका चौकोनाशी थांबलं. तिथे शाळा दाखवली होती.

"हितं वढा हाय," ते म्हणाले.

मी पाहिलं. ओढा कुठेच नव्हता. त्याच्या खालच्या टोकाला, नकाशाच्या काठाबाहेर, सासूबाईंची वस्ती होती. दोन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात त्या वस्तीत पाणी शिरलं होतं. गोठ्यात गाई पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या आणि सासूबाई उंबऱ्यावर धान्याची पोती चढवत होत्या. तेव्हा वर नुसतं रान होतं, थोडंफार पाणी जिरलं. आता वर काँक्रीट झालं, ओढ्याच्या जागी शाळेची भिंत आली, तर सगळं पाणी वस्तीवर येणार होतं. मोजणीतलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही ते लख्ख दिसलं. आम्ही त्याच दिवशी हरकत लिहून दिली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्या गटांच्या मोजणी नकाशात ओढा नाही, तरी पुराव्यासह इंदापूरला सुनावणीस हजर राहावं. ते वाचल्यापासून मामांचं जेवण सुटलं. दिवसातून चार वेळा मला फोन करायचे. पोलीस असतात का, खोटं ठरलं तर काय करतात, तिथल्या जिन्याला कठडा आहे का. सुनावणीच्या सकाळी ते येतील अशी मला आशा नव्हती. पण ते इस्त्रीचा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन माझ्या आधी दारात उभे होते. पिशवीत काय असावं हे विचारायची मला गरज नव्हती. तांब्याचा काठ वर आला होता.

सासूबाईही वस्तीवरून आल्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या बाई नगररचनेच्या अधिकारी होत्या, वयाने तरुण, बोलायला शांत. त्यांनी जुना मोजणी नकाशा टेबलावर उलगडला.

"आजोबा, हा बघा. सगळं सलग शेत आहे. ओढा नाही."

मामांनी एकदा दाराकडे पाहिलं. ते आता पळणार असं मला खात्रीने वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्यांची बाही धरून ठेवली.

"कागदावर न्हाय मॅडम," ते म्हणाले. "कारन मीच काढला न्हाय. ती खालची सही माजी हाय."

बाईंनी सही पाहिली, मामांकडे पाहिलं. "का नाही काढला?"

"नवी नोकरी हुती. बहिनीच्या लग्नाला वरीस झालं नव्हतं. वरचं रान तवा हिच्या सासऱ्याचं. दुष्काळात वढा कोरडा पडला, त्यांनी नांगरून ज्वारी पेरली. मी मोजायला गेलो. सासरे म्हनले, पाव्हनं, आदी जेवा. पुरनाची पोळी हुती. जेवल्यावं म्हनले, वढा आता हाय कुठं, सोडा की तेवढा." मामांनी हातातली पिशवी सावरली. "बहिनीच्या घरी जेवलो हुतो मॅडम. न्हाय म्हनता आलं न्हाय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला त्या फरशीवर ओतलेल्या सगळ्या तांब्यांचा अर्थ एका क्षणात कळला आणि स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. चाळीस-बेचाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक घरात त्या एका ओढ्याचं पाणी शोधत होता. ज्या घरात ती चूक जेवला, त्या घरात पुन्हा घास घेण्याचा धीर त्याला झाला नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. "जागेवर दाखवाल?" एवढंच त्यांनी विचारलं.

आठ दिवसांनी त्या माणसं घेऊन आल्या. वरचं रान केव्हाच विकलं गेलं होतं, बांध मोडले होते, झाडं तुटली होती. तिथे ओढा होता असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. मामा मात्र वस्तीवरचा आंबा पाठीशी घेऊन चालू लागले. अडीच फूट, अडीच फूट. साप निघेल म्हणून ते कधी गवतात पाय ठेवत नसत, त्या दिवशी गुडघाभर गवतातून सगळ्यांच्या पुढे चालले होते. जिथे थांबतील तिथे माणसं खुंटी ठोकत होती. एका ठिकाणी खणायला सांगितलं. हातभर काळ्या मातीखाली गोल, गुळगुळीत गोटे निघाले. मामांनी एक गोटा उचलला, सदऱ्याला पुसला आणि बराच वेळ मुठीत धरून उभे राहिले.

सुधारलेला नकाशा परवा लागला. शाळा उत्तरेला सरकली आहे. पिवळ्या घरांच्या मधून एक निळी रेघ वस्तीच्या बाजूने खाली उतरते आणि तिच्या दोन्ही अंगांना हिरवा पट्टा सोडला आहे. कागदावरची रेघ जमिनीवर टिकेल का, याची भीती आता मलाही वाटते. आभाळ भरून आलं की मी वस्तीवर फोन करतो. मामांचा फोन माझ्या आधी झालेला असतो.

नकाशा पाहून आम्ही वस्तीवर गेलो. सासूबाईंनी काही न विचारता चुलीवर पुरण चढवलं होतं. मामा ओसरीवर घुटमळले, पोटावरून हात फिरवला, पण पोट बरं नाही असं म्हणाले नाहीत.

"त्या दिवसानंतर तू हितं कदी जेवला न्हाईस," सासूबाई ताट ठेवत म्हणाल्या. "मला वाटलं माजं पुरन बिगाडलं. इतकी वर्सं मला तेच वाटत आलं, दादा."

मामा पाटावर बसले, वडिलांच्या सवयीप्रमाणे ताटाभोवती पाण्याची धार फिरवली, आणि हात तसाच ठेवून ते पाणी शेणाने सारवलेल्या भुईवर कुणीकडे निघालं आहे ते बघत राहिले.

"जेव आता," सासूबाई म्हणाल्या. "जाईल ते त्याच्या वाटंनं."